रिकाम्या हातांचा मामा

बाभुळगाव
३० ऑक्टोबर २०२५

ती. इंदुताईस,

साष्टांग नमस्कार. डावा गुडघा सध्या वाकत नाही, तेव्हा तूर्त सात अंगांचा धर. आठवं उधार.

भाऊबीजेपासून तू माझा नंबर ब्लॉक केलास, असं निदान अमरनं माझा फोन हातात घेऊन केलं. पोस्टाला ब्लॉक करायची सोय अजून निघाली नाही, म्हणून हे पत्र. पोस्टातल्या खेमसिंगनं पाकीट उलटसुलट करून विचारलं, "साहेब, हातानं लिवलं? कोनी गेलं काय?" म्हटलं, "नाही बुवा, बहीण रुसली." तर म्हणाला, "मंग लवकर पाठवा लागते."

आता साडीचं पाहू. शास्त्रार्थाचा नियम असा, की समोरच्याची बाजू आधी मांडावी आणि त्याच्यापेक्षा चांगली मांडावी. तर पूर्वपक्ष तुझा.

भाऊबीजेला तू मला ओवाळलंस, मी ताटात साडी ठेवली. तू ती कौतुकानं उलगडलीस. नव्या साडीच्या पदराला हळदीकुंकवाचं एक बोट लावून देतात, तिथं दोन बोटं निघाली. एक ताजं, कोकिळेचं. दुसरं विटलेलं, खुद्द तुझं. आम्ही यवतमाळच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हा तूच कोकिळेला दिलेली ती साडी. इतकी वर्षं आमच्या पेटीत राहिली आणि माहेरची आठवण आल्यासारखी तुझ्याकडे परत आली. तुझ्या दोन्ही जावा समोर बसलेल्या. थोरलीनं तोंडाला पदर लावला, तो काही निरांजनाच्या धुरामुळे नाही.

तू म्हणालीस, "बापू, नोकरी सोडली तशी लाजही सोडली काय रे?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण संस्कृत शिकलेल्या माणसाला गप्प बसण्याचा अभ्यासक्रम नव्हता. मी म्हणालो, दोन वर्षं आमच्या घरातून कोणाला आहेर जाणार नाही, कोणाचा घेणार नाही, तुझ्या सुरभीच्या लग्नातही नाही. सगळ्यांच्या देखत म्हणालो.

आणि तू म्हणालीस, "मंग सुरभीच्या मागं उभा राह्याले येऊ नको. रिकाम्या हातानं मामा उभा नाही राहत."

तरीही बस सुटताना खिडकीतून लाडवांचा डबा आत ढकललास. डबा धुऊन ठेवला आहे. लाडवांची चौकशी करू नये.

उत्तरपक्ष थोडक्यात. दारव्ह्यात सासरी तू सांगत असशील की बापूला काढलं. काढलं नाही गं. विमा कंपनीनं आम्हा पन्नाशी ओलांडलेल्यांना विचारलं, रक्कम घेऊन मानानं जाता का? मी कोकिळेला विचारलं, कोकिळेनं अमरला, अमरनं बाबांना. बाबा म्हणाले, "मले काय विचारता, मी तं जन्मात नोकरी केली नाही." ठराव एकमतानं मंजूर.

नोकरी का सोडली ते तुला माहीत नाही, कारण मी कधी सांगितलं नाही. पगार यायचा आणि दुसऱ्या दिवशी चार वाटेकरी दारात उभे: फ्लॅट, गाडी, अमरचं कॉलेज आणि ते क्रेडिट कार्ड, ज्यावर गेली काही वर्षं मी साऱ्या नात्यातल्या लग्नांचे आहेर केले. पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर माझ्या लक्षात आलं, की मी अधिकारी नसून हप्ते पोचवणारा टपाली आहे. रक्कम आली, चौघांना दिली, फ्लॅट विकला, बाबांच्या दोन खोल्यांत येऊन राहिलो. आज माझं कोणाचं काही देणं नाही. ते आठवं अंग सोडून.

सुरभीला आशीर्वाद. तिच्या पाठीशी मी उभा राहणार का, एवढंच कळव.

तुझा,
बापू


बाभुळगाव
२१ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,

पुन्हा सात अंगांचा नमस्कार. व्याज नाही लावायचं.

उत्तर आलं नाही. मौनाला संमती मानण्याचा मोह झाला होता, पण कोकिळा म्हणाली, "तुमच्या बहिणीचं मौन वेगळं असते."

घरची खबर. कोकिळेनं राज्यकारभार हाती घेतला आहे. नवं कापड घेणं बंद. त्याऐवजी आहेराची पेटी उघडली. ताई, तुला कल्पना नाही, त्या पेटीत आपल्या नात्याचा सगळा इतिहास घडी घालून ठेवला आहे. कोणाच्या साखरपुड्यातला शर्टपीस, कोणाच्या वास्तूचा पँटपीस, आणि ब्लाऊजपीस तर इतके की प्रत्येकानं निदान दहा घरचं पाणी प्यालं असावं. आपण सगळे मिळून वर्षानुवर्षं एकच गठ्ठा फिरवत होतो आणि दर लग्नाला त्यात थोडा नवा घालत होतो. शिवलं मात्र कोणी काही नाही.

आता शिवतो. चौकातल्या टेलरनं पहिला तुकडा हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाला, "हे कापड आता येत नाही साहेब." मी फुगलो. तो पुढं म्हणाला, "कोनी घेतच नव्हतं." अमर सध्या तुझ्या धाकट्या दिराच्या लग्नातल्या चौकड्याच्या शर्टात यवतमाळला कॉलेजला जातो. बसनं. पहिले आठ दिवस तोंड उतरलं होतं, मग बसमध्ये कोणीतरी बाभुळगावचीच, त्याच कॉलेजची निघाली. आता बस पंधरा मिनिटं आधी गाठतो. मी काही विचारत नाही. धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं, फुंकर घालू नये.

बाबांना हे सगळं फार आवडलं आहे. काल मला म्हणाले, "पंचवीस वर्षं तू सायेब होता तवा माह्याशी दोन शब्द नाही बोलला. आता दिवसभर घरात हायेस, तं मलेच बाहेर जा लागते." आवडलं आहे हे माझं अनुमान.

परवा रामराव भाऊजी कापसाचा भाव पाहायला आले होते, तसेच घरी डोकावले. चहा झाला. लग्न कसं चाललं आहे विचारलं. म्हणाले, "चालू हाय." लॉन ठरला का? "ठरला." आहेराची यादी? कपभर चहात त्यांना एकदम काहीतरी दिसू लागलं. भाऊजींना खोटं बोलता येत नाही, त्यामुळे ते गप्प बसतात, आणि सगळं ऐकू येतं.

शिवाय त्यांच्या गळ्यातली सोन्याची साखळी नव्हती. एखादी वस्तू असायला हवी तिथं नसणं, हेही ज्ञानाचं एक साधन आहे, असं मानणारे मोठे पंडित होऊन गेले. मी त्यांच्या पायाची धूळ, पण मोकळा गळा मलाही वाचता येतो. तू चिडशील म्हणून पुढं लिहीत नाही.

आणि ती साडी. चूक कोकिळेची झाली. पेटीत अंधार होता.

तुझा,
बापू

*(समासात, वेगळ्या शाईत)*
*ताई, हे पाकीट बंद करायले मायाजवळ दिलं म्हणून वाचलं. साडी ह्यायनीच काढली. मी म्हटलं होतं, कोणाची हाय ते पाहून घ्या. म्हणे, वस्त्राला गोत्र नसतं. मी फक्त कुंकू लावलं. — कोकिळा*


बाभुळगाव
१५ डिसेंबर २०२५

ती. ताईस,

नमस्कार, सात अंगांचा. कोकिळेची टीप मी पाकीट टाकल्यावर तिच्याच तोंडून ऐकली. आमच्या घरात आता फक्त पोस्ट विश्वासाचं राहिलं आहे.

साडी पार्सलनं परत पाठवलीस. चिठ्ठी नाही, शब्द नाही. कोकिळेनं ती दारातच उलगडली आणि पदर पाहिला. तिसरं बोट नव्हतं. त्या दुपारच्या भाजीत मीठ नव्हतं. आमच्याकडे मीठ अजून परवडतं, म्हणून समजलो.

बाबा ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. म्हणाले, "काहून परत धाडली?"

म्हटलं, "रिकाम्या हाताचा मामा नको म्हणते. तिला बोरीच्या मामासारखा मामा पाहिजे."

कारण तू दर भांडणात तेच सांगतेस ना? आईचा भाऊ, बोरी अरबचा आपला मामा, तुझ्या लग्नात कसा आला. भर मांडवात पिशवी सोडून हिरवा शालू काढला, चांदीची जोडवी काढली, भाऊजींसाठी फेटा काढला. सासरची माणसं कशी मान वर करून पाहत राहिली. मामा असावा तर तसा. मी तेव्हा दहावीत होतो, मलाही तो शालू आठवतो.

बाबांनी शेंग खाली ठेवली. "बोरीच्या मामाजवळ तवा चहाले पैसे नव्हते," ते म्हणाले. "लग्नाले येनारच नाही म्हने. रिकाम्या हातानं कसा येऊ, म्हने. मंग मीच गेलतो बोरीले. पिशवी घेऊन."

"कसली पिशवी?"

"दारव्ह्याच्या दुकानातून घेतली होती सारी खरेदी. उधार. तोंड बांधून त्याच्या हातात देल्ली. म्हटलं, हे तुमी आनलं, समजलं? तो लहान पोरासारखा रडला. अन् मंग मांडवात अशा तोऱ्यात उभा राह्यला, की मलेच वाटलं त्यानंच आनलं."

मी विचारलं, आईला ठाऊक होतं?

"तुह्या मायनंच पाठवलं मले." मग पुन्हा शेंग उचलून म्हणाले, "कोनाले सांगू नको. इंदीले तं मुळीच नाही. तिचा मामा मोठा राहू दे."

मी सांगतो आहे. बापाची आज्ञा मोडण्याचं पाप माझ्या नावावर लिही. पण मला वाटतं मामा लहान होत नाही. ज्या मापानं तू मला मोजून नाकारते आहेस, ते माप बाबांच्या हातचं आहे. आणि तो शालू फेडायला बाबांना कापसाचे दोन हंगाम लागले, हे मी विचारल्यावर कळलं. तुझी पाठवणी करून आल्यावर आईनं त्या दोन वर्षांत अंगावर नवं लुगडं घेतलं नाही. आपल्याला वाटायचं तिला हौस नाही.

फार लिहिलं. रागावली असशील तर आणखी रागाव, पण एकदा लिहून रागाव.

तुझा,
बापू


बाभुळगाव
१३ जानेवारी २०२६

ती. ताईस,

नमस्कार. उद्या संक्रांत, तेव्हा अंगांच्या संख्येवरून घासाघीस नको.

रामराव भाऊजी काल आले. हातात पिशवी. ती त्यांनी माझ्यापुढं ठेवली आणि तुझ्याकडून पाठ करून आणलेलं वाक्य एका दमात म्हटलं: "हे तुमीच आनलं असं समजा."

मी पिशवीकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलेलं, आणि ती गाठ, ताई! दोन वेढे, एक फास आणि शेवट आत खोचलेला. कापसाचं बोचकं बांधताना बाबा मारतात ती गाठ. ती त्यांनी एकाच माणसाला शिकवली. मला शिकवायचा प्रयत्न केला होता, पण माझ्या गाठी कुठंही सुटायच्या.

भाऊजींना चहा पाजून गप्प बसवण्याऐवजी या खेपेला बोलतं केलं. म्हणाले, "इंदूले पयल्यापासून माहीत होतं. मामानं भर मांडवात पिशवी सोडली, तवा तिनं गाठ पाह्यली. मले लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगतलं, म्हने आमच्या बाबांची गाठ होती. आजवर कोनाजवळ बोलली नाही."

म्हणजे तू तेव्हापासून, भांडणागणिक, मामाचं नाव घेऊन बाबांचं कौतुक करत होतीस. आणि मी माझ्या पत्रातून तुला मोठा भेद सांगितल्याच्या थाटात मिरवलो. माझ्या पदव्या परत कराव्यात म्हणतो. बाबा उठून ओसरीच्या टोकाला गेले आणि बराच वेळ तुरीच्या तुराट्या विनाकारण नीट रचत बसले.

पिशवीत पैठणी, चांदीचा छल्ला आणि जावयाचा फेटा. किमतीचं लेबल नखानं खरडून काढलं आहेस, तरी चिकटपणा राहिला. कोकिळेनं पैठणीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तुमच्या बहिणीनं तुम्हाला लेकरासारखं जपलं. आता तुम्ही काय करता ते पाहते."

मी पिशवी परत पाठवतो आहे. पूर्ण वाच, मग फाड.

तुझा जीव मला कळला. तुझ्या सासरच्या माणसांसमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून तू मला नको म्हणालीस. मग मन मानेना, म्हणून दोन्हीकडचा खर्च स्वतःच्या अंगावर घेतलास. पण भाऊजींचा गळा मोकळा आहे, ताई. लॉनचं भाडं, पाहुण्यांच्या साड्या, आणि वर भावाच्या नावाचा आहेर. माझे हप्ते असेच सुरू झाले होते. पहिला तर असाच कोणाच्या तरी लग्नाचा होता, कोणाचं ते सांगत नाही, तू भांडशील.

पैसे असताना मी तुला खूप साड्या दिल्या. त्यातली एक तरी तुला आठवते? मला तुझे लाडू आठवतात, आणि शाळेत असताना तू माझं शब्दरूपांचं पाठांतर घ्यायचीस ते. एक अक्षर कळत नव्हतं तुला, पण वही हातात धरून "चुकला!" म्हणायचीस, आणि मी खरंच चुकलेलो असायचो. माझ्या चेहऱ्यावरून कळतं, म्हणायचीस.

तर माझं म्हणणं असं. मी लग्नाला येणार. कोकिळा, अमर, बाबा सगळे येणार. हात रिकामे असतील, आणि कोणी विचारलं तर रिकामे आहेत असंच सांगीन. तुला लाज वाटली तर मी गेटाबाहेर उभा राहीन, तिथं सावली असेल अशी आशा आहे. भटजी हाक मारतील, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." तेव्हा तू माझ्याकडे पाहायचं की दुसऱ्या कोणाकडे, हे तू ठरव. माझ्या चेहऱ्यावरून तुला कळेलच.

पिशवीची गाठ मला मारता आली नाही. बाबांनी मारली. म्हणाले, "तिले सांग, वेढे ढिले घेते अजून."

तुझा,
बापू


बाभुळगाव
६ फेब्रुवारी २०२६

ती. ताईस,

लग्नपत्रिका आज पोचली. खेमसिंगनं आणून दिली आणि जागचा हलेना. "उघडा ना साहेब. बहिनीची हाय." आता त्यालाही या प्रकरणात पक्ष झाला आहे.

वर गणपती, खाली नावं. मी नावं नंतर वाचली. आधी स्थळ पाहिलं: "घरासमोरील मांडव, दारव्हा." लॉन गेला. मग अगदी तळाशी, चौकटीत, ठळक टाइपात:

*कृपया कोणीही आहेर आणू नये.*

ताई, तू! हे वाक्य छापलेली पत्रिका आली की तू ती जावांना मोठ्यानं वाचून दाखवायचीस. "हे कंजुसायचं स्तोत्र हाय," म्हणायचीस. कोणी किती आहेर केला हे जन्मभर तोंडपाठ ठेवणारी माझी बहीण! तुझ्या थोरल्या जावेनं काय तोंड केलं असेल! तिचा सगळा येणारा आहेर बुडवलास. आणि तुझा त्याहून मोठा. इतकी वर्षं तू साऱ्या नात्यात वाटलंस, ते परत यायचं हेच एक लग्न होतं. मला कळतं. मी त्या पेटीवर बसलो आहे.

पत्रिकेच्या मागं पेनानं लिहिलेलं मी बाबांना वाचून दाखवलं: "हे साऱ्यांसाठी हाय. तुह्यासाठी नाही. उगी फुगू नको. मामानं मांडवात आठ वाजता हजर राहावं, उशीर केला तर दुसरा मामा पाहीन."

मी फुगलो नाही. बाबा फुगले. पत्रिका घेऊन तीन घरं फिरून आले, सगळ्यांना तळाची ओळ दाखवून. लोकांना वाटलं म्हातारा आहेर वाचला म्हणून खूश आहे.

सुरभीनं अमरला पत्रिका वाटतानाचे फोटो पाठवले. त्यात भाऊजी बैलासारखे गंभीर उभे आहेत आणि गळ्यात साखळी आहे. प्रत्यक्ष प्रमाण! त्यापुढं माझं सारं शास्त्र फिकं. फोटो मोठा करून दोनदा पाहिला. कोकिळा म्हणाली, "पुरे आता, त्यांचा गळा घासून जाईल."

तयारी अशी. पेटीच्या अगदी तळाशी एक शर्टपीस निघाला, पिस्ता रंगाचा. कोकिळा म्हणाली तो आमच्या लग्नात तू मला दिलेला. त्या वेळी रंग पाहूनच मी तो तळाशी घातला असणार. शिवून आणला. टेलरनं घालायला लावून लांबून पाहिलं आणि विचार करून म्हणाला, "मांडवात हरवनार नाही साहेब तुमी." तोच घालून सुरभीच्या मागं उभा राहीन. तुला लांबून ओळखू येईल, हसू आवर.

कोकिळा ती साडी नेसणार आहे. दोन बोटांची. पदर खांद्यावरून पुढं घेईन म्हणते. तुझ्या जावांनी पाहिलं तर पाहू दे, म्हणते. तिसरं बोट तू मांडवात लाव, अशी तिची मागणी आहे. मी फक्त पोचवतो. टपालीपणा अजून सुटला नाही.

आम्ही आदल्या दिवशी येतो. बस बोरी अरबला थांबते, तिथं गरम भजी मिळतात. सुरभीला आवडतात म्हणून घेऊन येऊ का? भजी आहेरात मोडतात की नाही, यावर घरात दोन मतं आहेत. बाबांचं मत असं, की पिशवीला गाठ मारली नाही तर मोडत नाहीत.

लाडवांचा डबाही आणतो. धुतलेला आहे. रिकामा.

गुडघ्याला अमर रोज तेल लावतो, आता बराचसा वाकतो. तेव्हा हा साष्टांग नमस्कार पुरा आठ अंगांचा. मांडवात तुझ्या पायाशी प्रत्यक्ष घालीन तेव्हा जरा जवळ उभी राहा. वाकेन मी, पण उठताना तुझा हात लागेल.

तुझा,
बापू